वीज पोचवायचा पैसा वेगळा आणि हवामानाचा वेगळा, असं का?

रेवा_७ (धागाकर्ती)

जानेवारी २०२२ मध्ये ॲना नावाचं वादळ आफ्रिकेतल्या मलावीत शिरलं आणि शिरे नदीवरच्या कापिचिरा धरणाचा मातीचा बांध फोडून गेलं. कापिचिराचं वीजघर तसं लहानच, सुमारे १३० मेगावॉट, आपल्या कोयनेचा पंधरावा हिस्सा, पण मलावीची जवळजवळ एक तृतीयांश वीज तिथून यायची. ती परत यायला वर्षाहून जास्त काळ गेला. आणि मार्च २०२३ ला फ्रेडी आलं, त्यात मलावीत हजारावर माणसं मेली नाहीतर बेपत्ता झाली, आणि पुराबरोबर वाहून आलेला काडीकचरा अडकायला लागला म्हणून नदीवरची बाकीची यंत्रंही बंद ठेवायची वेळ आली.

आता ब्लांटायर शहराचं बघा. शहर उंचावर, पाणी खाली शिरे नदीत. वॉकर्स फेरी म्हणून जागा आहे तिथून पंपाने उचलून डोंगर चढवून आणायचं. म्हणजे वीज गेली की नळ कोरडे. आणि त्याच काळात मलावीत त्यांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी कॉलऱ्याची साथ चालू होती, १,७०० हून जास्त माणसं गेली. वीज असती तर साथ आलीच नसती असं मी म्हणत नाहीये, पूर होता, संडास बुडाले होते, लशी कमी होत्या, सगळंच होतं. पण पाणी शुद्ध करायचं, पंप चालवायचे, दवाखान्यात रात्री सलाईन लावायचं, फोनवर पुराची सूचना मिळायची, यातलं एकही काम विजेवाचून होत नाही.

मी पुण्यात एका संस्थेत ग्रामीण सोलर प्रकल्पांचं मूल्यमापन करते त्यामुळे असले कागद रोज हाताखालून जातात. आणि त्यात जे दिसतं त्याचा मला खरंच त्रास होतो, म्हणून हा धागा.

ग्रीन क्लायमेट फंड, म्हणजे गरीब देशांना हवामानाच्या कामांसाठी पैसा देणारा निधी, २०१० च्या कानकुन हवामान परिषदेत ठरला, ऑफिस दक्षिण कोरियात सॉन्गडोला. निम्मा पैसा उत्सर्जन कमी करायला आणि निम्मा ॲडाप्टेशनला, म्हणजे बदललेल्या हवामानात तगून राहायला, असं त्यांचं धोरण. त्यांच्या कामाचे आठ विभाग आहेत, चार इकडे चार तिकडे. त्यात वीजनिर्मिती आणि वीज पोचवणं हा विभाग उत्सर्जनाच्या बाजूला आहे! म्हणजे मलावीतल्या एखाद्या खेड्यातल्या दवाखान्यावर पॅनल बसवायचं तर हिशेब मांडायचा की कार्बन किती वाचला. अहो तिथे माणशी वर्षाला कार्बन डायऑक्साइड निघतो ०.१ टनाच्या आसपास, आपल्याकडे साधारण २ टन, अमेरिकेत १४ च्या वर. जो जाळतच नाही त्याचं वाचवणार काय? रॉकेलच्या चिमणीतला धूर मोजून फार तर अर्ज भरता येईल. त्या पॅनलचा खरा उपयोग पुराच्या रात्री आहे आणि तो मोजायला रकानाच नाही.

दुसऱ्या बाजूनेही तेच. शाश्वत विकास उद्दिष्टांमधलं सातवं विजेचं. २०३० पर्यंत सगळ्यांना परवडणारी, भरवशाची, स्वच्छ ऊर्जा. त्यात मोजतात काय तर किती टक्के लोकांपर्यंत पोचली, अक्षय ऊर्जेचा वाटा किती, कार्यक्षमता किती वाढली. वादळानंतर किती दिवसांत परत आली हे कुठेच नाही. आणि २०२३ ला दुबईच्या हवामान परिषदेत ॲडाप्टेशनसाठी जी चौकट ठरली त्यात सात विषय आहेत, पाणी, अन्न, आरोग्य, परिसंस्था, पायाभूत सुविधा, गरिबी, सांस्कृतिक वारसा. वीज त्यात 'पायाभूत सुविधा' या शब्दात कुठेतरी गृहीत धरलेली. यातल्या निदान चार गोष्टी विजेवाचून उभ्याच राहत नाहीत.

जगात अजून ६६ कोटींहून जास्त लोकांकडे वीज नाही (२०२३ चा आकडा), त्यातले ८५ टक्के सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. दुष्काळ, पूर, उन्हाळा यांचा पहिला तडाखा बसतो तेही बहुतेक हेच लोक. मग त्यांच्यासाठी दोन वेगळी मंत्रालयं, दोन वेगळे आराखडे आणि दोन वेगळे निधी कशाला? माझं म्हणणं आहे की गरीब देशात वीज पोचवणं हे ॲडाप्टेशनचंच काम धरा आणि ती वीजही वादळाला टिकेल अशीच बांधा. तुम्हाला काय वाटतं, आणि कोणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर जरूर लिहा.

दापोलीकर

रेवाताई, मलावी लांब राहिलं, आमच्याकडचंच सांगतो. ३ जून २०२० चं निसर्ग. वादळ काही तासांत गेलं पण त्यानंतर मंडणगड दापोलीच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. छपरं उडाली, माड सुपारी आडवी झाली हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं पण खरा कहर नंतर झाला तो पाण्याचा. नळपाणी योजनेचा पंप बंद, विहिरीवरच्या मोटरी बंद, आणि रहाट तर आता कोणाकडे राहिलेत. शेवटी जनरेटरवाले गाडीवर जनरेटर घालून वाडीवाडीत फिरायचे, पैसे घेऊन टाकी भरून द्यायचे. ज्याच्याकडे रोकड तो आधी. आणि रोकड कुठली, एटीएम बंद. मोबाईल टॉवर पहिल्या दिवशी बॅटरीवर चालले मग तेही गेले, मुंबईतली पोरं इकडे काय झालं म्हणून जीव टांगणीला लावून बसलेली.

वायरमन लोकांनी मात्र जीव तोडून काम केलं हे आवर्जून सांगायला हवं, बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले, भर पावसात खांब खांद्यावर घेऊन डोंगर चढत होते कारण रस्त्यावर झाडं पडलेली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा लोकांनी आधी काय केलं माहितेय, पिंपं भरून ठेवली आणि पॉवर बँक चार्ज करून ठेवल्या. घराघरात हेच ॲडाप्टेशन. सरकारी कागदात कुठल्या रकान्यात बसतं ते तुम्ही सांगा.

ट्रान्सफॉर्मर

मी वितरणातच नोकरी केली, आता रिटायर आहे. दापोलीकर, वायरमनबद्दल लिहिलंत त्याबद्दल आभार, सहसा शिव्याच मिळतात.

तांत्रिक मुद्दा एवढाच की लाइन उभारताना 'कनेक्शनमागे खर्च' हा आकडा जो धरला जातो ना तोच सगळा घात करतो. योजनेत अमुक रुपयांत अमुक घरं जोडायची असं टार्गेट आलं की खांबामधलं अंतर वाढतं, काँक्रीट कमी पडतं, ताणाच्या तारा कमी लागतात. चांगल्या हवेत दहा वर्षं काही कळत नाही. फनी वादळात, मे २०१९, ओडिशात दीड लाखाहून जास्त खांब पडले. पडलेला प्रत्येक खांब पुन्हा उभारायचा, आणि तो खर्च येतो मदतीच्या पैशातून. म्हणजे बांधताना वाचवलेला पैसा आपत्तीच्या खात्यातून जातो आणि कागदावर दोघंही खूश, बांधणाऱ्याने स्वस्तात बांधलं, मदत करणाऱ्याने भरघोस मदत केली.

किनाऱ्यावर भूमिगत केबल हा उपाय आहे, पण वरच्या लाइनच्या कितीतरी पट महाग आणि कोकणातल्या जांभ्यात चर खणायचा म्हणजे विचारूच नका. तरी अलिबागला झालीय. आणि ती कशातून झाली? जागतिक बँकेच्या मदतीच्या राष्ट्रीय चक्रीवादळ प्रकल्पातून, निवारे आणि बंधारे ज्या पैशातून होतात त्यातूनच. म्हणजे रेवाताई म्हणतायत ते एकत्र आणणं शक्य आहे, आपल्याकडे झालेलं आहे. भारतानेच पुढाकार घेऊन २०१९ मध्ये आपत्तीला टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठी आंतरराष्ट्रीय आघाडी काढली, सीडीआरआय, ऑफिस दिल्लीत. सोलरची आघाडी गुरुग्रामला. दोन्ही आपल्याकडे, आणि दोघांनी मिळून आफ्रिकेतल्या किनाऱ्यावर सोलर मिनीग्रिड, म्हणजे गावापुरतं छोटं वीजजाळं, कसं बांधावं याचं एक साधं मॅन्युअल केलं तरी केवढं काम होईल.

लुसाकाहून

धागा वाचून राहवलं नाही. मी झांबियात बरीच वर्षं आहे, हार्डवेअरचा व्यवसाय. २०२४ चा दुष्काळ आम्ही अंगावर काढलाय म्हणून जरा लांबण लावतो.

झांबियाची ८० टक्क्यांहून जास्त वीज पाण्यावरची, त्यात करिबा सगळ्यात महत्त्वाचं. १९५० च्या दशकाअखेरीस बांधलेलं धरण, पाण्याच्या साठ्याने बघितलं तर जगातला सगळ्यात मोठा मानवनिर्मित तलाव. पण त्यातलं वीजनिर्मितीला चालणारं पाणी फक्त वरच्या थरातलं, ४७५.५ मीटर ते ४८८.५ मीटर, एवढी तेरा मीटरची पट्टी. तलाव डोळ्याला भरलेला दिसतो आणि टर्बाईन थांबलेली असते. ते पाणी इकडे आम्ही आणि पलीकडे झिंबाब्वे दोघं वाटून घेणार.

२०२३-२४ ला एल निनोमुळे पाऊसच झाला नाही. फेब्रुवारी २०२४ अखेर राष्ट्राध्यक्ष हिचिलेमांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. मार्चपासून आठ तास लोडशेडिंग, मग बारा, आणि सप्टेंबरनंतर दिवसात सतरा-अठरा तास वीज नाही, काही भागात त्याहून वाईट. इथल्या बाजाराच्या कैरो रोडवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जनरेटरचा आवाज, दुकानात गिऱ्हाईकाशी ओरडून बोलावं लागायचं.

आता मुख्य गोष्ट. त्याच दुष्काळाने देशातला जवळजवळ निम्मा मका गेला. म्हणजे शेत वाळलं तेव्हाच पंपाची वीजही गेली. इथलं रोजचं खाणं म्हणजे मक्याच्या पिठाची न्शिमा, आणि पीठ दळायला गल्लोगल्ली चिगायो, आपल्या पिठाच्या गिरणीसारखंच. ज्याच्या घरात थोडा मका होता त्यालाही तो दळायला वीज यायची वाट बघावी लागे. बायका रात्री एकला, दोनला डोक्यावर मक्याचं पातेलं घेऊन रांगेत उभ्या, कारण वीज तेव्हा यायची. मी हे रोज दुकानातून घरी जाताना बघत होतो. आणि विजेची शेगडी बंद म्हटल्यावर सगळं शहर कोळशावर आलं. म्बाऊला म्हणतात पत्र्याच्या शेगडीला, ती पेटली घरोघरी. कोळसा येतो कुठून, जंगल तोडून. जंगल गेलं की पुढचा दुष्काळ आणखी कडक.

ज्यांच्याकडे पैसा त्यांनी लिथियम बॅटरी आणि पॅनल लावून घेतले, मीही लावले. तांब्याच्या खाणी देशातली निम्मी वीज खातात, त्यांनी बाहेरून वीज विकत आणली. कंपाउंडमधल्या, म्हणजे इथल्या वस्तीतल्या माणसाने काय करायचं?

आणि आणखी एक, हे इथल्या लोकांनी मला सांगितलंय. करिबासाठी सुमारे ५७,००० टोंगा लोक उठवले गेले, जागतिक बँकेच्या कर्जावर धरण झालं, आणि त्यांच्या कित्येक वस्त्यांना पुढे अनेक दशकं वीज मिळाली नाही. वीज त्यांच्या डोक्यावरून खाणींना गेली. कोयनेच्या धरणग्रस्तांची तिसरी पिढी अजून खेटे घालतेय हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळं समजवायला नको.

मीनल_नगर

लुसाकाहून, खूप महत्त्वाचा प्रतिसाद. रांगेतल्या बायकांचं वाचून अंगावर काटा आला. वाचतेय, लिहीत राहा सगळ्यांनी.

हिशेबनीस

चर्चा चांगली आहे पण मला रेवाताईंच्या मूळ मागणीचीच भीती वाटते आणि ती मांडतो.

विकसनशील देशांना ॲडाप्टेशनसाठी सार्वजनिक आंतरराष्ट्रीय पैसा २०२२ मध्ये आला सुमारे २,८०० कोटी डॉलर. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानेच २०२४ मध्ये सांगितलं की वर्षाला तूट आहे १८,७०० ते ३५,९०० कोटी डॉलरची. म्हणजे आधीच चिंचोक्याएवढं ताटात आहे. आता तुम्ही म्हणता विजेचे प्रकल्पही ॲडाप्टेशनमध्ये धरा. विजेचा प्रकल्प मोठा असतो, त्याला बिलाचं उत्पन्न असतं, बँकांना तो आवडतो. खारफुटी लावायला, बांध घालायला, दुष्काळात तगणारं बियाणं द्यायला उत्पन्न नसतं. एकाच रकान्यात दोघं बसवले की काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. श्रीमंत देश एका ट्रान्समिशन लाइनवर ॲडाप्टेशनचा शिक्का मारतील आणि ग्लासगोच्या परिषदेत २०२१ ला ॲडाप्टेशनचा पैसा दुप्पट करू म्हणाले होते ते करून दाखवलं असं जाहीर करतील. कोपनहेगनला २००९ मध्ये कबूल केलेले वर्षाचे १०,००० कोटी डॉलर २०२० ऐवजी २०२२ ला पूर्ण झाले, तेही त्यांच्याच हिशेबाने आणि त्यातला मोठा भाग कर्ज.

कर्जाचं तर बोलायलाच नको. झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये कर्जाचे हप्ते थकवले. चार वर्षांत दुष्काळ. आता त्या देशाला दुष्काळात टिकणारी वीज उभी करायला परत कर्जच द्यायचं? ज्या दुष्काळात त्यांचा हात नाही त्याचं व्याज त्यांनी भरायचं, हे मला नैतिकदृष्ट्या पटतच नाही.

रेवा_७

हिशेबनीस, तुम्ही म्हणता तो धोका खरा आहे आणि मी रोज बघते. आत्तासुद्धा श्रीमंत देश आपल्या मदतीवर जे शिक्के मारतात त्यात 'ॲडाप्टेशन हा मुख्य हेतू' आणि 'हा एक महत्त्वाचा हेतू' असे दोन प्रकार आहेत, आणि दुसऱ्या प्रकारात काय काय घुसवलं जातं ते विचारू नका, रस्त्याच्या कडेला चार झाडं लावली की झालं.

पण म्हणून दार बंद ठेवायचं तर नुकसान कोणाचं होतं? जागतिक बँक, आफ्रिकन विकास बँक वगैरे मोठ्या बँकांची मिळून एक पद्धत आहे, तीन पायऱ्यांची. आधी त्या जागी हवामानाचा नेमका धोका काय ते दाखवा. मग प्रकल्प त्या धोक्यासाठी आहे हे स्पष्ट लिहा. आणि मग कुठलं काम त्या धोक्याशी जोडलेलं आहे ते दाखवून तेवढाच खर्च ॲडाप्टेशनमध्ये धरा. ही पद्धत प्रामाणिकपणे वापरली तर अख्खं वीजघर ॲडाप्टेशनमध्ये जात नाही. विजेचं उपकेंद्र पूररेषेच्या वर न्यायचा जादा खर्च जातो, दवाखान्याची बॅटरी जाते, पाण्याच्या पंपाचं सोलर जातं. आणि एवढा भाग तरी अनुदान म्हणून द्या, कर्ज म्हणून नको, इथे मी पूर्ण तुमच्याबरोबर आहे. बाकूच्या परिषदेत २०२४ मध्ये २०३५ पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला ३०,००० कोटी डॉलरचं ठरलं पण त्यात अनुदान किती याचा आकडा त्यांनी ठरवलाच नाही, आणि तिथेच सगळं अडलंय.

दुसरं म्हणजे 'वीज पोचली' म्हणजे काय. जागतिक बँकेची मोजायची पद्धत आहे, शून्य ते पाच अशा पायऱ्या. पहिली पायरी म्हणजे निदान ३ वॉट आणि दिवसात चार तास. एक दिवा, एक फोन. हे कमी नाही, उगाच नाक मुरडू नये, फोन चार्ज असला तरच वादळाची सूचना मिळते. २०२७ पर्यंत जगात प्रत्येकाला आपत्तीची पूर्वसूचना मिळावी असा संयुक्त राष्ट्रांचा कार्यक्रम आहे, गुटेरेश यांनी २०२२ ला जाहीर केलेला, आणि ज्या गावात फोन चार्ज करायला पैसे देऊन दुकानात ठेवून यावा लागतो तिथे मध्यरात्रीची सूचना कोणाला मिळणार? पण ४५ डिग्रीत पंखा पहिल्या पायरीवर चालत नाही. साधा पंखा ७५ वॉटचा, नवीन, कमी वीज खाणारा बीएलडीसी म्हटला तरी ३० च्या आसपास. म्हणजे उन्हाळ्याच्या दृष्टीने ज्याला दुसऱ्या-तिसऱ्या पायरीची वीज नाही तो वीज असूनही उघड्यावरच आहे. दोन धोरणं जोडायची म्हणते ती याचसाठी. जोडल्यावर 'किती घरं' इथे प्रश्न थांबत नाही, 'कुठल्या संकटात किती वॉट, किती तास' असा विचारावा लागतो.

जागतिक बँक आणि आफ्रिकन बँकेने २०३० पर्यंत आफ्रिकेत ३० कोटी लोकांना वीज द्यायचं ठरवलंय, मिशन ३००. जानेवारी २०२५ ला दार-ए-सलामच्या परिषदेत बारा देशांनी आपापले आराखडे दिले, त्यात झांबिया आणि मलावी दोन्ही आहेत. हे ३० कोटी पहिल्याच पायरीवर मोजून मोकळे झाले तर पुढच्या ॲनामध्ये परत तेच.

विहीरवाला

मी बीड जिल्ह्यातला शेतकरी. इथे आफ्रिकेचं चाललंय पण सोलर पंपाचा विषय निघालाच तर बोलतो.

आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला पाणी द्यायला जायचं म्हणजे साप, विंचू, थंडीत तर विचारू नका, आणि जुन्नरकडच्या पाहुण्यांना उसात बिबट्या. दिवसा लाइट द्या ही मागणी बापजाद्यांपासूनची. आता सौर कृषी वाहिनी, मागेल त्याला सौर कृषी पंप असल्या योजना आल्यात आणि दिवसा पाणी देता येतं हे फार मोठं सुख आहे, ज्याने रात्री बारे धरलेत त्यालाच कळेल.

पण बोअर कोरडा असेल तर सोलर काय करणार? ऊन फुकट, पंप एकदा बसला की चालवायला खर्च शून्य, माणूस दिवसभर चालू ठेवणार. आमच्या शिवारात पाचशे सहाशे फुटांवर गेलंय पाणी. लाइट नव्हती तेव्हा निदान लाइट नसल्यामुळे तरी पाणी वाचायचं. वीज दिली म्हणजे दुष्काळाशी लढायला बळ दिलं असं तुम्ही म्हणता ताई, मला वाटतं पाण्याचा हिशेब न करता दिली तर दुष्काळ लवकर आणायचंच साधन दिलं.

नर्मदातीर

विहीरवाला दादा, अगदी बरोबर पकडलंत. यावर गुजरातेत एक प्रयोग झालाय, खेडा जिल्ह्यात ढुंडी गाव. २०१५-१६ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेने तिथल्या शेतकऱ्यांची सोलर पंपांची सहकारी मंडळी उभी करून दिली. सुरुवातीला सहाच शेतकरी. पंपाला लागून उरलेली वीज ग्रिडला विकायची, वीज कंपनी युनिटला ४ रुपये ६३ पैसे देणार आणि वर संस्थेची भर. त्यामुळे प्रत्येक तास पंप चालवायचा की वीज विकायची हा हिशेब शेतकऱ्याच्या डोक्यात सुरू होतो. पाणी न उपसण्याला पैसे मिळतात. पुढे २०१८ ला गुजरात सरकारने याच धर्तीवर मोठी योजना काढली, आणि कुसुम योजनेतही ग्रिडला जोडलेल्या पंपांचा भाग आहे.

अर्थात जिथे ग्रिडच नाही तिथे विकणार कोणाला. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी हीच अडचण. पण तिथे सगळीकडे भूजल आपल्यासारखं उपसलेलंही नाही, त्यामुळे आपला धडा तिकडे जसाच्या तसा लावू नये. प्रत्येक ठिकाणी आधी भूजलाची पातळी मोजा, मगच पंप. मदत देणाऱ्यांनी ही अट घातलीच पाहिजे.

सिस्टर_पीएचसी

प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. विदर्भ. वेळ मिळाला म्हणून लिहितेय.

आमच्याकडे लशी आयएलआरमध्ये, म्हणजे लशींच्या खास फ्रीजमध्ये असतात. २ ते ८ डिग्री. रोज सकाळ संध्याकाळ थर्मामीटर बघून तक्त्यात लिहायचं, रविवारीही. लाइट गेली तरी आयएलआर काही तास थंड धरून ठेवतो पण ते बाहेर किती तापलंय यावर असतं. मे महिन्यात बाहेर ४६, खोलीचा पत्रा तापलेला, तेव्हा झाकण उघडायची पण भीती वाटते. लाइट जास्त वेळ गेली की लशी आइस पॅक लावून दुसऱ्या केंद्राला हलवायच्या. आणि उष्माघाताचा पेशंट येतो तोही त्याच दुपारी, त्याला पंखा पाहिजे, बर्फ पाहिजे, गार सलाईन पाहिजे. गरज आणि लाइट जाणं दोन्ही एकाच वेळी, लुसाकाच्या भाऊंनी लिहिलंय तसंच.

छत्तीसगडमध्ये पाचशेहून जास्त पीएचसीवर सोलर बसवलंय, तिथल्या सिस्टर ट्रेनिंगला भेटल्या होत्या. त्यांचं म्हणणं बसवणं सोपं, बॅटरीत पाणी घालायला, पॅनल पुसायला माणूस ठेवलाय म्हणून चाललंय. जिथे माणूस नाही तिथे दोन-तीन वर्षांत बॅटरी बसते आणि वर नुसते पॅनल राहतात. मोठ्या निधीवाल्यांना सांगा ताई, देखभालीच्या माणसाचा पगार प्रकल्पात धरा.

रेवा_७

सिस्टर, तुमचा प्रतिसाद मी माझ्या पुढच्या अहवालात नाव न देता वापरू का? जागतिक आरोग्य संघटना आणि इतरांचा २०२३ चा अहवाल सांगतो की जगात जवळजवळ १०० कोटी लोक अशा दवाखान्यांवर अवलंबून आहेत जिथे वीज नाही किंवा भरवशाची नाही. तो आकडा मी कितीदा वाचलाय, पण झाकण उघडायची भीती त्यात कुठे नव्हती. देखभालीचं शंभर टक्के खरं. निधीवाल्यांना रिबन कापता येईल अशी वस्तू हवी असते, पगार कोणाला नको असतो.

सिस्टर_पीएचसी

वापरा की. गावाचं नाव नको फक्त.

हिशेबनीस

रेवाताई, जादा खर्च तेवढाच धरायचा आणि तो अनुदानातून, या दोन अटींवर माझी हरकत नाही. पण मग तिसरीही घाला. विजेसाठी जेवढं ॲडाप्टेशनमध्ये धराल तेवढं एकूण ॲडाप्टेशनचं ताट वाढलं पाहिजे. आहे त्यातून कापून नको.

रेवा_७

मान्य. ही तिसरी अट मी याआधी इतकी स्पष्ट कुठे वाचली नव्हती.

दापोलीकर

ट्रान्सफॉर्मर काका, एक विचारायचं होतं. आमच्या वाडीच्या नळपाण्याच्या पंपाला सोलर लावायचं चाललंय, पण लोक म्हणतात पुढच्या वादळात पॅनलच उडून गेले तर? आणि पैसे कुठून मागायचे, ऊर्जा विभागाकडे गेलो तर म्हणतात पाणीपुरवठ्याकडे जा, तिकडे गेलो तर म्हणतात हे विजेचं काम.

ट्रान्सफॉर्मर

उडू शकतात, नीट बसवले नाहीत तर. जमिनीलगत बसवा, उंच स्टँडवर नको. पाया काँक्रीटचा, आणि डिझाइन तुमच्या किनाऱ्याच्या वाऱ्याच्या वेगाला केलंय हे कंत्राटदाराकडून लिहून घ्या, तोंडी नको. क्लॅम्प आणि बोल्ट खाऱ्या हवेला गंजणार नाहीत असे, आणि दर वर्षी मे महिन्यात पान्याने आवळून घ्यायचे. बॅटरीवर फार खर्च करू नका, पाण्याला उंचावर मोठी टाकी बांधली तर दिवसा भरून ठेवता येते, तीच तुमची बॅटरी. आणि जुनी ग्रिडची जोडणी काढू नका, दोन्ही राहू द्या.

पैशाचं म्हणाल तर ऊर्जा आणि पाणीपुरवठा दोघांनाही सोडा, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जा. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांना जो आपत्ती निधी दिला त्यातला २० टक्के भाग आपत्ती यायच्या आधीच्या कामांसाठी वेगळा काढलेला आहे, राज्य आपत्ती सौम्यीकरण निधी. कोकणासाठी सौम्यीकरणाचा वेगळा प्रकल्पही आहे, त्यात भूमिगत वीजवाहिन्या आणि निवारा केंद्रं धरलेली आहेत. प्रस्तावात सोलर पंप हा शब्द पहिल्या ओळीत घालू नका, नाहीतर फाइल परत ऊर्जा विभागाकडे जाईल. वादळानंतर गावाला पाणी मिळत राहावं म्हणून, असं लिहा, निसर्गच्या वेळी किती दिवस पाणी नव्हतं आणि टाकीमागे किती पैसे मोजले ते ग्रामपंचायतीच्या ठरावासकट जोडा. मसुदा मला व्यनि करा, मी बघून देतो.

दापोलीकर

करतो काका. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घेतो, जनरेटरच्या पावत्या दोघातिघांनी अजून ठेवल्यात त्या गोळा करायला सांगितल्यात.